साक्ष एकीची, वेळ चौघांची

देवाला मान देता देता व्हर्लीन टब्सची वेळ संपली आणि कायदा मेला, ही गोष्ट गेल्या वर्षीची. वर्ष उलटलं तरी गिलियड ग्रोव्ह चर्चच्या बायका ती विसरायला तयार नव्हत्या, आणि व्हर्लीन तर नव्हतीच नव्हती.

खरं पाहिलं तर ती चूक म्हणावी अशी चूकही नव्हती. गिलियड ग्रोव्हमध्ये माणूस बोलायला उभा राहिला की आधी आपल्या आयुष्याचा धनी जो देव, त्याला मान. मग पास्टरना मान, पास्टरीणबाईंना मान, चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळींना, पांढऱ्या वेशात पुढच्या बाकावर बसणाऱ्या चर्चच्या मातांना, पाहुण्यांना, आणि जे दुखण्यापायी येऊ शकले नाहीत त्यांनाही मान. एवढं झालं की मग मूळ बोलणं. पास्टर टिडवेल यांचं प्रवचन तर याहून संथ. सुरुवातीला ते असं हळू बोलतात की मागच्या बाकावरची पोरं पेंगायला लागतात. मग एकेक पायरी चढत आवाज वर जातो, ऑर्गनवाला हळूच मागून सूर धरतो, लोक "सांगा, पास्टर, सांगा" म्हणायला लागतात, आणि शेवटी शेवटी पास्टर बोलताहेत की गाताहेत हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. त्या घटकेला ज्याचे डोळे कोरडे राहिले, त्याने आपलं काळीज एकदा चाचपून पाहावं. पूर्वरंग नीट रंगला नाही तर उत्तररंगाला चव येत नाही, हे व्हर्लीनच्या रक्तात लहानपणापासून मुरलेलं होतं.

पण राज्याच्या राजधानीत, आमदारांच्या समितीपुढे साक्षीदाराला मिळतात दोन मिनिटं. टेबलावर तीन दिवे असतात, हिरवा, पिवळा आणि लाल. गेल्या वर्षी व्हर्लीनने देवाला मान दिला, अध्यक्षांना दिला, समितीतल्या एकेका आमदाराला नाव घेऊन दिला, आणि "आता माझ्या नातीविषयी" असं म्हणते न म्हणते तोच लाल दिवा लागला.

मंडळाचं नाव 'आपलीच लेकरं'. कुणाची पोटची पोर तुरुंगात, कुणाची नशेत, कुणाची मातीआड, आणि त्या पोरांची पोरं आजी-आजोबांच्या पदरात, अशा म्हाताऱ्यांचं ते मंडळ. पगार कुणालाच नाही. मिस ड्रुसिला बँक्स, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्या प्रमुख. वर्षभर बुधवारच्या प्रार्थनेनंतर जमायचं, आमदारांना पत्रं लिहायची, फोन करायचे, आणि फेब्रुवारीत एक दिवस पांढरे कपडे घालून, डोक्यावर ठेवणीतल्या टोप्या चढवून, चर्चच्या व्हॅनने राजधानी गाठायची. सोबत लोण्याचे केक. प्रत्येक आमदाराच्या कचेरीत एकेक काप पोचता करायचा आणि त्या वेळी कायद्याचा शब्दही काढायचा नाही. "ज्याच्या तोंडात आपला घास आहे, त्याच्याकडे मागितलं की ती लाच होते," असं मिस ड्रुसिला सांगायच्या. "केक वेगळा, हक्क वेगळा."

त्यांना हवा असलेला कायदा दोन कलमांचा होता. पहिलं कलम सहीचं: मूल जिच्या घरी वाढतं त्या आजीची सही शाळेने, हॉस्पिटलने मानावी. दुसरं कलम महिन्याच्या मदतीचं: परक्याचं मूल सांभाळणाऱ्याला सरकार जे देतं, ते स्वतःचं नातवंड सांभाळणाऱ्या आजीलाही द्यावं. व्हर्लीनचा जीव पहिल्या कलमात अडकला होता. तिची नात टालूला सात वर्षांची, जन्मापासून रक्तात दोष घेऊन आलेली. तिचं ऑपरेशन व्हायला हवं होतं आणि केवळ सहीवाचून ते एकदा फिरलं होतं. कोर्टात जावं, तर तिथे टालूलाच्या आईला नोटीस पोचायला हवी, आणि ती कुठल्या गावी कुणाच्या उंबऱ्यावर पडली आहे, हे देवालाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले होते, हा उन्हाळा ओलांडू नका.

म्हणून त्या सकाळी व्हर्लीन व्हॅनमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. हातात एक छोटं कार्ड होतं. त्यावर मान नव्हता, नमन नव्हतं, पहिल्या शब्दापासून थेट गोष्ट होती. महिनाभर तिने स्वयंपाकघरात उभं राहून तालीम केली होती. समोर टालूला अंडी उकडायचं घड्याळ लावून बसायची आणि वेळ संपली की हातातला लाकडी डाव वर करायची.

"व्हर्लीन, या वर्षी देवाला घरीच मान देऊन आलीस ना?" शेजारी बसलेल्या ओझेला प्रूइटने विचारलं. ओझेला म्हणजे आडव्या बांध्याची, मोठ्या हशाची बाई. घरात चार नातवंडं. दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची आणि संध्याकाळी दवाखान्याच्या फरशा पुसायची.

"उठल्या उठल्या दिला."

"आणि अध्यक्षांना?"

"त्यांना केक देणार आहे. तोच मान."

मागून डीकन मॅबरी यांचा घोगरा आवाज आला. पंचाहत्तरीचा उंच, वाळका माणूस, एका नातवाला एकट्याने वाढवणारा, चर्चच्या रीतीने बायकांना 'सिस्टर', म्हणजे बहीण, म्हणणारा. "सिस्टर टब्स, देवाचं एक बरं असतं, तो रुसत नाही. आमदार रुसतात."

"डीकन, तुम्ही दुसऱ्याला शिकवू नका," मिस ड्रुसिला पुढच्या सीटवरून न वळता म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुमची अर्धी वेळ खोकण्यात गेली."

"ती माझी सुरुवात असते, मिस ड्रुसिला. गायच्या आधी सूर जुळवून नको का घ्यायला?"

व्हॅनभर हशा पिकला. व्हर्लीनही हसली, पण हात कार्डावरून निघेना. निघताना टालूला दारात उभी राहून म्हणाली होती, "आजी, आज ते हो म्हणतील?" आणि व्हर्लीनने तिच्या कोटाचं बटण दोनदा लावलं होतं.

राजधानीत पोचल्यावर समजलं की त्यांचा विषय यादीत अगदी शेवटी टाकलाय. आणि आज समित्यांचा अखेरचा दिवस. आज जे समितीतून बाहेर पडणार नाही, ते या वर्षापुरतं मेलं.

"मुद्दाम टाकलंय खाली," ओझेला पुटपुटली.

"मुद्दाम असो वा नसो," मिस ड्रुसिला म्हणाल्या, "पाठ ताठ ठेवा आणि टोप्या सरळ करा."

अध्यक्ष गार्नर स्टाउट यांना केक पोचला होता. ते दरवर्षी तो आवडीने खात, दुसरा काप मागून घेत, आणि दरवर्षी हात मात्र विरोधात वर करत. "केकला हो, कायद्याला ना," असं त्यांच्याबद्दल मंडळात म्हणत.

समितीच्या दालनात पांढऱ्या कपड्यांची रांग मागच्या खुर्च्यांवर बसून राहिली. आधी पाळणाघरांच्या परवान्याचा विषय आला. पाळणाघरवाल्यांचे पगारी वकील उंची सूट घालून आले होते. ते बोलत राहिले, लाल दिवा लागला तरी बोलत राहिले, आणि अध्यक्ष त्यांच्या विनोदांना हसत राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत छतापाशी गेलं. आमदार घड्याळाकडे पाहू लागले. दोघांनी कागद आवरले. व्हर्लीनच्या हातातलं कार्ड घामाने मऊ पडलं.

अखेर अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता शेवटचा विषय. सभागृहात बोलावणारी घंटा कधीही होईल. तेव्हा प्रत्येक साक्षीदाराला एकच मिनिट. आणि विनंती अशी की, आधीच्याने जे सांगितलं तेच पुन्हा सांगू नये. नुसतं 'सहमत आहे' म्हटलं तरी चालेल."

एकच मिनिट! मिस ड्रुसिलांनी व्हर्लीनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण वर्षभराची काळजी होती. सगळ्यांना दिसत होतं की पहिलं नाव व्हर्लीनचं आहे आणि तिचं कार्ड दोन मिनिटांचं आहे.

ती माइकपाशी गेली. हिरवा दिवा लागला. समोर दहा आमदार आणि मधोमध स्टाउट. तिने तोंड उघडलं आणि साठ वर्षांची सवय तिच्या आधी बोलली.

"सर्वप्रथम, माझ्या आयुष्याचा धनी जो देव, त्याला मा—"

मागून ओझेलाचं खणखणीत खाकरणं ऐकू आलं. व्हर्लीनने जीभ चावली. अक्षरशः चावली, तोंडात रक्ताची चव आली.

"माझी नात टालूला," ती म्हणाली. "सात वर्षांची. तिच्या रक्तात दोष आहे. दुखणं उठलं की हाडं कुणी पिळतंय असं तिला होतं. गेल्या ऑक्टोबरात तिची प्लीहा काढायचं ठरलं. सांगितल्याप्रमाणे रात्रीपासून उपाशी ठेवून मी तिला नेलं. तिला हॉस्पिटलचा झगा घातला. त्यावर पिवळी बदकं होती. तो झगा मागून उघडा असतो, म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हलेचना. तेवढ्यात नर्स हातात कागद घेऊन आली, आणि म्हणाली..."

लाल दिवा.

"आभारी आहे, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. माइक बंद झाला.

व्हर्लीन तशीच उभी राहिली. कार्डावरचं निम्मं तसंच पडलं होतं. ज्यासाठी आली ते सहीचं नावसुद्धा तोंडातून गेलं नव्हतं. पुन्हा तेच! या खेपेस देवाच्या मानाने नाही, बदकांच्या झग्याने घात केला. भिंतीला पाठ लावण्याचं कशाला सांगितलं? पण ते न सांगता टालूला कशी दिसणार होती कुणाला? ती आपल्या खुर्चीकडे वळली तेव्हा तिला कुणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता.

"ओझेला प्रूइट," कारकुनाने नाव पुकारलं.

ओझेला उठली. तिच्या हातात तिचा कागद होता. दुसऱ्या कलमाचं सगळं त्यात होतं: चार नातवंडं, दोन नोकऱ्या, मोठ्या नातवाने कमाईसाठी शाळा सोडायचं ठरवलंय ते, हिवाळ्यात दोन खोल्यांपैकी एकच गरम ठेवतात ते. ते सांगायची तिची वर्षभराची तयारी. ती माइकपाशी पोचली, कागदाकडे पाहिलं, व्हर्लीनकडे पाहिलं, आणि कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवून दिला.

"सिस्टर टब्स सांगत होत्या," ती म्हणाली, "की नर्स कागद घेऊन आली."

स्टाउट यांनी मान वर केली. "बाई, तुम्ही तुमचं बोला."

"माझंच बोलतेय, साहेब. मिनिट माझंच आहे ना?"

आमदारांतलं कुणीतरी हसलं. ओझेला थांबली नाही.

"नर्स म्हणाली, आई कुठाय? सिस्टर टब्स म्हणाल्या, आई नाही, मी आहे. जन्मली तेव्हापासून मीच आहे. नर्स म्हणाली, मग कोर्टाचा कागद दाखवा. सिस्टर टब्सनी पर्स उघडली. त्या पर्समध्ये काय नव्हतं? लसीची कार्डं होती, शाळेचा फोटो होता, पोरीचा पहिला पडलेला दात कापसात गुंडाळलेला होता. सगळं टेबलावर मांडलं. एकेक वस्तू उचलून दाखवली, की पाहा, ही माझी आहे. नर्सला पटलं. नर्स रडायला लागली. पण ती म्हणाली, आजी, मला पटून काय उपयोग, तुमची सही चालत नाही. म्हणून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं..."

लाल दिवा. ओझेला एक शब्दही जादा न बोलता मागे सरली.

दालनात आता कागदांची सळसळ थांबली होती. कागद आवरून बसलेल्या दोघांपैकी एकाने पेन खाली ठेवलं. व्हर्लीनच्या अंगावर काटा आला. ही तिची गोष्ट होती, पण बुधवारच्या प्रार्थनेत ती इतक्यांदा सांगितली गेली होती की आता ती सगळ्यांच्याच तोंडात होती, जुन्या भजनासारखी. गिलियड ग्रोव्हमध्ये डीकन भजनाची एक ओळ काढतो आणि मंडळी ती उचलून धरतात. पुस्तक लागत नाही.

"डीकन हॉरिस मॅबरी."

डीकन माइकपाशी जाऊन उभे राहिले. मिस ड्रुसिलांनी डोळे मिटून घेतले. पण डीकन खोकले नाहीत.

"मोठे डॉक्टर आले," त्यांनी अशा स्वरात सुरुवात केली की तो बोलण्याचा नव्हता, गाण्याचाही नव्हता, मधला कुठला तरी होता. "भला माणूस. हात धुऊन आलेला. म्हणाला, आजी, हात धुतलेत माझे, पण बांधलेले आहेत."

"हो रे देवा," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"सिस्टर टब्स म्हणाल्या, माझी सही घ्या."

"सांगा, डीकन!"

"म्हणाल्या, सही नको तर अंगठा घ्या."

"सांगा!"

स्टाउट यांचा हातोडा टेबलावर आदळला. "शांतता! हे चर्च नाही. पुन्हा आवाज आला तर मी दालन रिकामं करवीन आणि विषय इथेच बंद करीन."

दारापाशी उभा असलेला शिपाई दोन पावलं पुढे आला. गिलियड ग्रोव्हच्या माणसांना प्रवचन चालू असताना गप्प बसायला सांगणं म्हणजे माशाला पाण्यात कोरडं राहायला सांगणं. चर्चच्या मातांपैकी, ऐंशीच्या घरातल्या मदर क्लीओटाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. बाकीच्या बायकांनी पर्समधून चर्चचे कागदी पंखे काढले आणि मुकाट हलवायला लागल्या. नुसते पंखे. एका लयीत.

डीकनांनी तेवढ्यात किती वेळ गेला हे पाहिलंही नाही. आवाज आणखी खाली आणला. "डॉक्टर म्हणाला, आजी, अंगठाही चालत नाही. मग त्या लेकराला सांगितलं, बाळा, झगा उतरव, तुझे कपडे घाल. आणि ते लेकरू..."

लाल दिवा.

आता एकच नाव उरलं होतं. मिस ड्रुसिला बँक्स उठल्या. त्यांच्या हातात कलमांच्या, नियमांच्या, शेजारच्या राज्यांतल्या कायद्यांच्या टाचणांचा गठ्ठा होता. दरवर्षी शेवट त्याच करायच्या, आणि त्यांच्या शेवटावर आमदार जांभया द्यायचे, हेही त्यांना माहीत होतं.

"अध्यक्ष महाराज," त्या म्हणाल्या, "नोंदलेला साक्षीदार आपली वेळ दुसऱ्या नोंदलेल्या साक्षीदाराला देऊ शकतो. मी माझी वेळ मिसेस टब्स यांना देते."

स्टाउट यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने मान हलवली.

"पण त्यांची साक्ष संपली आहे."

"संपली नव्हती, अध्यक्ष महाराज. थांबली होती."

स्टाउट खुर्चीत मागे टेकले. "बोलू द्या."

व्हर्लीन पुन्हा माइकपाशी आली आणि तिच्या लक्षात आलं की पुढचं कार्डावर नाही. कार्डावर शेवटी कायद्याविषयी दोन वाक्यं होती, तेवढीच. त्या सकाळचं ह्यापुढचं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बुधवारच्या प्रार्थनेतही ती "मग आम्ही घरी आलो" म्हणून खाली बसायची. हिरवा दिवा जळत होता. पास्टर टिडवेल या जागी असते तर आवाज चढवला असता, ऑर्गन मागून दाटून आला असता. तिने मागे वळून पाहिलं. मिस ड्रुसिलांचे ओठ हलले: बोल, बाई, बोल.

"मी तिला मोजे घालत होते," व्हर्लीन म्हणाली. पुढे झुकल्याशिवाय ऐकू येणार नाही एवढ्या बारीक आवाजात. आमदार पुढे झुकले. "ती माझ्या कानाशी आली. म्हणाली, आजी, माझ्यामुळे झालं. रात्री तू झोपलीस तेव्हा मी उठून नळाचं पाणी प्यायले. एकच घोट. तू नको म्हणाली होतीस. म्हणूनच ना त्यांनी मला बरं केलं नाही?"

पंखे थांबले.

"मी सांगितलं, नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही. तिला पटलं नाही. अजूनही रात्री तिला तहान लागली तर ती पाणी पीत नाही. सकाळची वाट बघते. तिच्या दुखण्याला पाणी लागतं, साहेब. डॉक्टर म्हणतात भरपूर पाजा. मी उशाशी पेला ठेवते. सकाळी तो तसाच भरलेला असतो."

तिने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं.

"एवढंच होतं."

दिवा अजून हिरवा होता. उरलेली वेळ कुणीच वापरली नाही. स्टाउट यांनी सवयीने समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि अर्ध्यावरून परत घेतला. मग दिवा पिवळा झाला, मग लाल झाला, आणि तेव्हा कुठे कुणीतरी खुर्ची सरकवली.

आमदार पर्डी म्हणून एकजण होते, हिशेबी गृहस्थ. त्यांनी हात वर केला. "सहीचं कलम मला पटतं. पण दुसरं कलम, मदतीचं, तिजोरीला झेपणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल आज कुणी एक शब्दही बोललं नाही. ते वगळून मत घ्यावं, अशी सूचना करतो."

एक शब्दही नाही! तो शब्द ओझेलाच्या पर्समध्ये घडी होऊन पडला होता. व्हर्लीनने वळून पाहिलं. ओझेला समोर बघत होती, हात मांडीवर, टोपी सरळ. व्हर्लीन उठायला गेली, काहीतरी म्हणायला गेली, तर मिस ड्रुसिलांनी तिचं मनगट पकडलं. "बस खाली. आता बोललीस तर दोन्ही जातील."

दुसरं कलम हात वर करून वगळलं गेलं. मग राहिलेल्यावर मतं पुकारली. हो. नाही. नाही. हो. व्हर्लीन मोजत नव्हती, नुसते ओठ बघत होती. पर्डी हो म्हणाले. कारकून थांबला. "पाच आणि पाच. अध्यक्ष महाराज?"

स्टाउट यांनी चष्मा काढला, टायच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. बाहेर सभागृहाची घंटा वाजायला लागली. ती थांबेपर्यंत त्यांनी समोरचे कागद एकावर एक रचले.

"हो," ते म्हणाले, आणि कुणाकडे न बघता कागद उचलून निघून गेले.

दालनात कुणी ओरडलं नाही. ओरडल्या त्या बाहेर, संगमरवरी जिन्यावर. मदर क्लीओटाने तोंडावरचे हात काढले आणि दाबून धरलेलं सगळं एकदम सोडून दिलं, इतकं की खालचा पहारेकरी धावत वर आला आणि त्यालाही तिने मिठी मारली. "अजून सभागृह आहे, राज्यपाल आहेत," मिस ड्रुसिला सांगत होत्या, पण त्यांचाच आवाज फुटत होता. "पण जे मरतं ते इथेच मरतं. आज नाही मेलं."

व्हर्लीनने जिन्याच्या कडेला जाऊन घरी फोन लावला.

"आजी? हो म्हणाले?"

"हो म्हणाले, बाळा."

"सगळे?"

"निम्मे. आणि वर एक."

"एकच? पुरतो तेवढा?"

"आज पुरला." तिने डोळे पुसले. "टालूला, तुझ्या उशाशी पेला ठेवलाय ना, त्यातलं पाणी आत्ता पी बघू. मी ऐकतेय."

पलीकडे पावलं गेली आणि परत आली. मग घोट गिळल्याचा आवाज आला. एकच.

परतताना व्हॅनमध्ये उरलेला केक फिरला, डीकनांनी भजन काढलं, सगळ्यांनी उचललं. ओझेलानेही उचललं, तिचा खालचा सूर नसेल तर भजन उभंच राहत नाही. ते संपल्यावर व्हर्लीन तिच्याकडे वळली.

"तुला ठाऊक होतं, असं होईल ते?"

"मी काय कालची आहे? ज्या कलमाबद्दल कुणी बोलत नाही, तेच आधी कापतात."

"मग का केलंस?"

ओझेला खिडकीबाहेर बघत राहिली. पाइनची झाडं मागे पळत होती. "तू पोरीला भिंतीला पाठ लावून उभी केलीस आणि खाली बसलीस. तिला तशी झग्यात उभी ठेवून मी माझं रडगाणं गाऊ? आणि उगाच माझ्याकडे असं पवित्र तोंड करून बघू नकोस. मला राग आलाय. घरी गेल्यावर आणखी येईल. मोठ्याला काय सांगू, ते मला माहीत नाही."

व्हर्लीनने आभार मानायला तोंड उघडलं, पण आभार फार छोटे वाटले. मग तिने पर्समधून सकाळचं मऊ पडलेलं कार्ड काढलं, उलटी बाजू वर केली, आणि डीकनांकडे पेन मागितलं.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"तुझं. पहिल्यापासून. तुला माझं पाठ होतं, तसं पुढच्या वर्षी मला तुझं पाठ असायला हवं. मलाच नाही, या व्हॅनमधल्या सगळ्यांना. तुझा लाल दिवा लागला की मी उचलणार."

"आत्ता? मी दमलेय, व्हर्लीन."

"मग हळू सांग. इथे दिवे नाहीत."

ओझेलाने तिच्याकडे रोखून पाहिलं. राग काही गेला नव्हता. पण तिने टोपी काढून मांडीवर ठेवली, पर्समधला कागद काढला, न उघडताच हातात धरला, आणि अगदी खालच्या, संथ आवाजात म्हणाली, "सर्वप्रथम, माझ्या आयुष्याचा धनी जो देव, त्याला मान."

"मान," व्हॅन म्हणाली.

मागे डीकन मॅबरी खोकले.